‘आमच्या घराण्यात कोणी गुलाम ठेवले नव्हते’: अमेरिकेतल्या घरकर्जांचा इतिहास

अमेरिकेत वंशवादाचा विषय निघाला की गोऱ्या लोकांकडून एक वाक्य हमखास येतं, आमच्या घराण्यात कोणी गुलाम ठेवले नव्हते, आमचे पणजोबा तर १९०० नंतर पोलंडहून नाहीतर इटलीहून हात हलवत आले, मग माझी जबाबदारी कसली? विचारणारा प्रामाणिक असेलही, पण त्यात धरून चाललेलं असतं की १८६५ ला गुलामगिरी संपली आणि हिशोब मिटला. तसं नाहीये. आज गोऱ्या आणि ब्लॅक कुटुंबांच्या संपत्तीत जी दरी दिसते तिचा फार मोठा भाग १९३० ते १९७० मध्ये तयार झालाय, आणि तो घरकर्जातून तयार झालाय, सरकारी शिक्क्यानिशी.

आधी थोडं मागे जाऊ. जानेवारी १८६५ मध्ये, उत्तर-दक्षिण यादवी युद्ध संपत आलेलं असताना, उत्तरेच्या जनरल शर्मनने दक्षिणेतल्या किनारपट्टीची जमीन मुक्त झालेल्या कुटुंबांना ४० एकरांपर्यंत वाटायचा हुकूम काढला. लिंकनचा खून झाला, अँड्र्यू जॉन्सन अध्यक्ष झाला आणि त्याच वर्षी ती जमीन जुन्या मालकांना परत देऊन टाकली. राजधानी वॉशिंग्टनमध्ये १८६२ लाच गुलाम मुक्त केले होते, तिथे तर नुकसानभरपाई मालकांना मिळाली, माणशी ३०० डॉलरपर्यंत, राबलेल्यांना काही नाही. आणि त्याच १८६२ च्या होमस्टेड कायद्याने पश्चिमेकडे १६० एकराचे तुकडे जवळजवळ फुकट वाटले गेले, ते घेणारे बहुतेक सगळे गोरे, आणि जमीन मुळात तिथल्या आदिवासींची. आपल्या जोतिरावांनी १८७३ मध्ये ‘गुलामगिरी’ अमेरिकेतल्या सदाचारी लोकांना अर्पण केलं होतं, गुलाम मुक्त केले म्हणून. त्यानंतर चारच वर्षांनी, १८७७ ला, उत्तरेने दक्षिणेवरचं लक्ष काढून घेतलं आणि ब्लॅक लोकांना त्यांच्या जुन्या मालकांच्या राज्यात सोडून दिलं.

आता १९३० चं दशक. मंदीत लाखो घरं जप्त व्हायला लागली तेव्हा रूझवेल्ट सरकारने एक संस्था काढून २०० हून जास्त शहरांचे नकाशे बनवले, हिरवा, निळा, पिवळा, लाल. लाल म्हणजे कर्जाला धोकादायक, आणि ब्लॅक वस्ती जवळपास सगळीकडे लालच. यालाच रेडलायनिंग म्हणतात. पण खरा परिणाम केला तो १९३४ च्या फेडरल हाउसिंग अ‍ॅडमिनिस्ट्रेशनने, म्हणजे एफएचएने. त्याआधी घर घ्यायचं तर निम्मी रक्कम रोख लागायची आणि उरलेली थोड्या वर्षांत फेडायची, साध्या कामगाराच्या आवाक्यातलं नव्हतंच ते. एफएचएने बँकांना हमी दिली की कर्ज बुडालं तर सरकार भरेल, मग डाउन पेमेंट कमी झालं, हप्ते वीस-पंचवीस-तीस वर्षांवर गेले आणि गिरणी कामगारसुद्धा घरमालक होऊ लागला. फक्त गोरा गिरणी कामगार. एफएचएच्या नियमपुस्तकातच लिहिलेलं होतं की वस्ती स्थिर ठेवायची तर तिथे त्याच वंशाचे लोक राहिले पाहिजेत, आणि खरेदीखतात तशी अट घालावी अशी शिफारसही होती.

डेट्रॉइटमध्ये १९४१ साली एका बिल्डरला कर्जाची हमी मिळेना, कारण शेजारी ब्लॅक वस्ती. त्याने मधे अर्धा मैल लांब, सहा फूट उंच भिंत बांधली आणि मग हमी मिळाली. ती भिंत अजून उभी आहे.

महायुद्ध चालू असतानाच, १९४४ मध्ये, परतणाऱ्या सैनिकांसाठी घरकर्जाची जी योजना आली तिचंही तेच झालं, कायद्यात रंगाचा उल्लेख नाही पण कर्ज द्यायचं की नाही हे स्थानिक बँक ठरवणार. १९४७ मध्ये मिसिसिपीत या योजनेखाली ३,२२९ कर्जं दिली गेली, त्यातली ब्लॅक सैनिकांना फक्त २. त्याच वर्षी न्यूयॉर्कजवळ लेव्हिटटाउन उभं राहायला लागलं, हजारो स्वस्त घरं, आणि करारात स्पष्ट अट की गोऱ्यांशिवाय कोणी राहणार नाही.

मग ज्यांना बँक दारात उभं करत नव्हती त्यांनी काय केलं? शिकागोच्या नॉर्थ लॉन्डेलमध्ये ते दिसतं. आधी दलाल गोऱ्या घरमालकांना घाबरवायचे, ब्लॅक लोक येतायत, भाव पडणार, विका. घर स्वस्तात घ्यायचं आणि दुप्पट-तिप्पट भावाने ब्लॅक कुटुंबाला ‘कॉन्ट्रॅक्ट’वर द्यायचं. कॉन्ट्रॅक्ट म्हणजे डाउन पेमेंट तुम्ही भरा, हप्ते, टॅक्स, दुरुस्ती सगळं तुमचं, पण शेवटचा हप्ता फिटेपर्यंत मालकी विकणाऱ्याकडेच, आणि एक हप्ता चुकला की घर गेलं, भरलेले सगळे पैसे गेले, तेच घर पुढच्या कुटुंबाला विकायला मोकळं. नवरा-बायको दोघं दोन-दोन पाळ्या करायचे, घर राखायला वेळ ना पैसा, आणि मग बाहेरचे म्हणायचे बघा हे लोक वस्तीची कशी वाट लावतात. मला या सगळ्या इतिहासात सगळ्यात जास्त चीड याची येते.

१९६७ मध्ये न्यूअर्क आणि डेट्रॉइट दंगलींनी पेटल्यावर अध्यक्ष जॉन्सनने (हा लिंडन जॉन्सन) त्यांची कारणं शोधायला कर्नर आयोग नेमला. अकरा सदस्य, त्यातले नऊ गोरे, कोणी क्रांतिकारक नव्हते. त्यांनी १९६८ च्या अहवालात लिहिलं की ही घेट्टो, म्हणजे शहरातल्या कोंडलेल्या ब्लॅक वस्त्या, गोऱ्यांच्या संस्थांनी तयार केली, त्यांनीच टिकवली आणि गोरा समाज ती चालवून घेतो. जबाबदारीची इतकी स्वच्छ मांडणी मी दुसरीकडे क्वचितच वाचलीय. कोणाच्या मनात द्वेष आहे का हा प्रश्नच त्यात नाहीये, कोणी काय उभारलं आणि कोण गप्प बसलं एवढंच आहे. ४ एप्रिलला मार्टिन ल्यूथर किंगचा खून झाला, आठवड्याभरात फेअर हाउसिंग कायदा सही होऊन आला. भेदभाव बेकायदा झाला, पण तीस वर्षं हातातून गेलेलं घर कोणाला परत मिळालं नाही, आणि तोवर त्या घरांच्या किमती कुठल्या कुठे गेल्या होत्या.

त्या वाढलेल्या किमतीवर गोऱ्या कुटुंबांनी मुलांना कॉलेजला घातलं, धंदे काढले, वारसा ठेवला. पोलंडहून आलेल्या त्या पणजोबांचा मुलगाही बहुधा त्याच रांगेत होता. त्याने कष्ट केलेच, ते कोणी नाकारत नाही, पण शेजारच्या ब्लॅक कामगाराला त्याच कष्टावर ते दार बंद होतं. २०२२ च्या फेडरल रिझर्व्हच्या पाहणीत मधल्या गोऱ्या कुटुंबाची (निम्मी कुटुंबं त्याच्याहून श्रीमंत, निम्मी गरीब) संपत्ती २,८५,००० डॉलर होती आणि ब्लॅक कुटुंबाची ४४,९००. शाळांचा पैसाही बऱ्याच अंशी घरपट्टीतून येतो, म्हणजे वस्ती गरीब तर शाळा गरीब.

इथे आपल्या मराठी मंडळींचाही संबंध येतो. आपले डॉक्टर-इंजिनियर तिकडे गेले ते १९६५ च्या इमिग्रेशन कायद्यानंतर, तो कायदा नागरी हक्क चळवळीच्याच लाटेत आला, आणि न्यू जर्सीच्या सबर्बमध्ये घर घेताना रंगावरून नाही म्हणणं बेकायदा होतं ते १९६८ मुळे. ज्यांनी मार खाऊन हे दार उघडलं त्यांच्याबद्दल तिथल्या आपल्या काही घरांत जे बोललं जातं ते ऐकून वाईट वाटतं.

भरपाईचे प्रयत्न अलीकडे कुठेकुठे सुरू झालेत. कॅलिफोर्नियात ब्रूस या ब्लॅक कुटुंबाची समुद्रकाठची जागा १९२४ मध्ये बागेच्या नावाखाली काढून घेतली होती, ती २०२२ मध्ये वारसांना परत दिली. शिकागोजवळच्या इव्हॅन्स्टनने २०२१ मध्ये ठरवलं की १९१९ ते १९६९ दरम्यान तिथे राहिलेल्या ब्लॅक रहिवाशांना किंवा त्यांच्या वंशजांना घरासाठी २५,००० डॉलर द्यायचे, पैसा गांजाच्या विक्रीवरच्या करातून. २०२४ मध्ये या योजनेवर केस टाकण्यात आली, मुद्दा असा की लाभ रंगावरून ठरतोय म्हणून ती घटनाबाह्य आहे.