पार्श्वभूमी : 'सहकुटुंब' चित्रपट आणि आठ ते बारा वर्षांची मुलं

विदर्भातल्या शाळा उर्वरित महाराष्ट्राच्या मागून, जून सरता सरता उघडतात. मे-जूनच्या उन्हात पोट्ट्यांना घरात किती कोंडून ठेवणार? त्यामुळे दुपारचा एखादा शो, थंडगार हॉल आणि पॉपकॉर्न हा नागपुरातल्या कित्येक घरांचा सुटीतला ठरलेला बेत असतो. मग तो बर्डीवरचा मॉल असो की मेडिकल चौकातला. विनोदी कौटुंबिक चित्रपट नेमके याच दिवसांत येतात. पोस्टरवर आजी-आजोबांपासून नातवापर्यंत सगळे हसत असतात आणि तिकीट काढायला ॲप उघडलं की नावाखाली 'यूए १३+' दिसतं. मुलगी पाचवीत, मुलगा सातवीत. न्यायचं की नाही?

हा आकडा कसा आला आणि तो काय सांगतो, काय सांगत नाही, हे पाहण्यासारखं आहे.

आपल्याकडे चित्रपट दाखवण्याआधी तपासण्याचा कायदा १९१८ चा. १९२७-२८ मध्ये ब्रिटिश सरकारच्या एका चौकशी समितीने देशभर साक्षी घेतल्या, त्यात नागपूरचाही मुक्काम होता. मुलांवर सिनेमाचा काय परिणाम होतो, ही चिंता तेव्हापासूनची आहे. पण कायद्यात वयाची रेषा आली ती १९४९ मध्ये, 'यू' आणि 'ए' या दोन वर्गांच्या रूपाने. १९५२ च्या कायद्याने तेच पुढे चालवलं. एक सर्वांसाठी, दुसरा फक्त प्रौढांसाठी. ही वर्गवारी आणि प्रदर्शनापूर्वीची तपासणी घटनेत बसते, असा निकाल सर्वोच्च न्यायालयाने १९७० मध्ये दिला.

दोनच कप्पे असल्यामुळे 'यू'मध्ये काय काय मावत होतं, हे त्या काळात सदरच्या लिबर्टीत किंवा पंचशीलला सिनेमे पाहिलेल्यांना सांगायला नको. मारामाऱ्या, खून, नायिकेची भर रस्त्यात छेड काढणारा नायक आणि त्यावर हशा. 'ए' दिलं की अर्धा प्रेक्षक गेला, म्हणून निर्माते कात्री सोसून 'यू' मिळवायचे. सत्तरच्या दशकात द्व्यर्थी संवादांच्या मराठी विनोदी चित्रपटांनी हा पेच आणखी वाढवला. शब्द सोवळे आणि अर्थ दुसराच. मोठे खदाखदा हसायचे, मुलं मोठ्यांकडे बघून हसायची.

१९८१ मध्ये कायदा दुरुस्त झाला आणि १ जून १९८३ पासून मधला वर्ग लागू झाला, 'यूए'. चित्रपट सर्वांना खुला, पण बारा वर्षांखालच्या मुलांना दाखवायचा का, हे पालकांनी ठरवावं. त्याच वेळी चित्रपट तपासणाऱ्या मंडळाच्या नावातला 'सेन्सॉर' जाऊन 'प्रमाणन' आलं, तरी लोकांच्या तोंडी आजही सेन्सॉरच आहे. पडद्यावरच्या प्रमाणपत्रात हिंदी अक्षरंही असायची. 'यू'साठी 'अ', म्हणजे अनिर्बंधित, 'ए'साठी 'व', म्हणजे वयस्क, आणि मधल्यासाठी 'अव'. 'अ' पाहून तो इंग्रजी 'ए' समजून दचकणारे पालक असले, तर त्यांना दोष देता येणार नाही.

अमेरिकेत १३ वर्षांची रेषा १९८४ मध्ये आली आणि ब्रिटनमध्ये १२ ची १९८९ मध्ये. म्हणजे आपल्या मधल्या वर्गातली बाराची रेषा त्यांच्याआधीची. पण तो वर्ग एकच होता आणि चाळीस वर्षं एकच राहिला. चार वर्षांचं मूल आणि अकरा वर्षांचं मूल, दोघांसाठी सूचना तीच.

याच काळातला एक कागद मला सगळ्यात महत्त्वाचा वाटतो, तो म्हणजे १९९१ च्या मार्गदर्शक सूचना. 'यू' देताना चित्रपट लहान मुलांसह घरातल्या सर्वांना एकत्र बसून पाहता येईल असा हवा, असं त्यात स्पष्ट म्हटलं आहे. 'सहकुटुंब' या शब्दाला सरकारी दफ्तरात इतका नेमका आधार दुसरा नाही. हीन अभिरुचीचे द्व्यर्थी शब्द नकोत, स्त्रियांची मानहानी नको, शारीरिक किंवा मानसिक अपंगत्व असलेल्यांची टिंगल नको, हेही त्यात आहे. चित्रपट एकूण परिणामावरून जोखावा, हेही आहे.

आता आपल्या विनोदी चित्रपटांकडे या सूचना हातात धरून पाहा. तोतरे बोलणारा मामा. जाड मैत्रीण, जिच्या खुर्चीवर बसण्यावरच एक प्रसंग. सावळी म्हणून नाकारलेली मुलगी, आणि तिला पाहून नवरदेवाच्या मित्राचं तोंड वाकडं. बायकोच्या भीतीने बाटली लपवणारा नवरा. यात रक्त नाही, शिवी नाही, उघडं अंग नाही. त्यामुळे कात्री लागत नाही आणि आकडाही वाढत नाही. पण दहा वर्षांचं मूल नेमकं हेच उचलतं. मामाचा 'म-म-म' दुसऱ्या दिवशी स्कूलव्हॅनमध्ये ऐकू येतो, आणि त्या व्हॅनमध्ये खरोखर अडखळत बोलणारं एखादं मूल बसलेलं असतं. सहा वर्षांच्या पोराला तो विनोद कळत नाही, सोळाव्या वर्षी तो शिळा वाटू लागतो. आठ ते बारा या वयात तो कळतो, आवडतो आणि वापरून बघावासा वाटतो. म्हणून या वयासाठी विनोदी चित्रपट हा भीतिपटाइतकाच काळजीने निवडायला हवा, असं माझं ठाम मत आहे. सूचना कागदावर होत्या, पण त्यांचा भर हिंसा आणि अश्लीलतेवर पडला, टिंगलीवर नाही.

वादाचा खरा मुद्दा पुढे आला. मधला वर्ग फोडायला हवा, यावर २०१३ ची एक समिती आणि २०१६ ची दुसरी, दोघींचं एकमत होतं. दोघींनी सुचवलेल्या रेषाही सारख्याच होत्या, १२ आणि १५. कायद्यात मात्र त्या आल्या नाहीत. फेब्रुवारी २०२१ मध्ये ओटीटीसाठी नियम आले, त्यात ७, १३ आणि १६ असे टप्पे होते. परदेशी मंचांवर असे आकडे आधीपासून दिसत होते. २०२३ च्या दुरुस्तीने थिएटरच्या चित्रपटांनाही हेच टप्पे लावले आणि मार्च २०२४ मध्ये नवे नियम निघाले.

सगळीकडे एकच मोजपट्टी हवी, हे कारण समजण्यासारखं आहे. फोनवर एक आकडा आणि थिएटरात दुसरा, असं झालं असतं तर पालक आणखी गोंधळले असते. सातची रेषाही चांगली आहे, कारण बालवाडीतल्या मुलांचा वेगळा विचार आधी होतच नव्हता. पण टप्प्यांची रुंदी पाहा. १६+ च्या वर्गात प्रौढ होईपर्यंतची दोन वर्षं. १३+ मध्ये तीन. आणि ७+ मध्ये सात ते बारा, तब्बल सहा वर्षं! दुसरीतलं मूल आणि सातवीतलं मूल एकाच कप्प्यात. माणूस सगळ्यात झपाट्याने बदलतो त्या वर्षांसाठी सगळ्यात ढोबळ माप ठेवलं गेलं. नऊ किंवा दहाला आणखी एक रेषा असायला हवी होती, निदान तिची चर्चा तरी व्हायला हवी होती. दोन समित्यांनी सुचवलेला १२ चा आकडाही गेल्यामुळे सातवीतला मुलगा आता १३+ च्या उंबरठ्याबाहेर आहे. वर्गातले अर्धे मित्र तेरा पूर्ण केलेले, अर्धे नाहीत. वाढदिवसाला पाच जणांना घेऊन जायचं असेल तर कोणाच्या आईला काय सांगायचं?

सांगायचं हे, की बंदी नाही. दुरुस्तीत हे नीट लिहिलं आहे, तरी सगळ्यात जास्त घोळ इथेच होतो. यूएचे आकडे ही पालकांना केलेली शिफारस आहे आणि ती पालकांखेरीज दुसऱ्या कोणी राबवायची नाही. दारावरचा माणूस १३+ ला अकरा वर्षांच्या मुलीला अडवू शकत नाही. अडवायचं ते 'ए'ला, अठराखालच्यांना. म्हणजे निर्णय पूर्णपणे घरचा. मग घराला माहिती पुरेशी मिळते का? ओटीटीवर आकड्यासोबत कारणही द्यावं लागतं, म्हणजे भाषा, हिंसा की आणखी काही. तिकिटाच्या ॲपवर मात्र नुसता आकडा. एखाद्या विनोदी चित्रपटाला १३+ मिळालं ते दारूच्या एका प्रसंगामुळे की दोन तास चाललेल्या चावट बोलण्यामुळे, हे आईवडिलांना कळायचं कसं? नागपुरात मंडळाचं कार्यालयही नाही, इथले निर्मातेसुद्धा मुंबईलाच जातात. शेवटी शुक्रवारचा पहिला शो पाहून आलेल्या शेजारच्या काकूंनाच विचारावं लागतं. त्यांना "चांगला आहे का" एवढंच विचारू नका. "कोणाकोणावर हसतात?" हेही विचारा.

२०२३ च्या बदलातली आणखी एक गोष्ट चर्चेत मागे पडली. आधी कायद्यात प्रमाणपत्र दहा वर्षांचं होतं, आता ते कायमचं आहे. निर्मात्यांची कटकट वाचली हे खरं, पण जुन्या सैल मापाने मिळालेलं 'यू'ही तसंच राहिलं. 'ए' किंवा 'एस' (डॉक्टरांसारख्या ठरावीक गटापुरतं) मिळालेला चित्रपट टीव्हीवर आणायचा तर योग्य ती काटछाट करून वेगळं प्रमाणपत्र घ्यावं लागेल, अशी तरतूद आहे. तीस वर्षांपूर्वीच्या 'यू' विनोदी चित्रपटाला असली कुठलीच अट नाही. तो रविवारी दुपारी लागतो, घरात कोणी हरकत घेत नाही, आणि नवीन चित्रपटाच्या १३+ वर अडून बसलेलं घर तोच छेडछाडीचा प्रसंग मुलांसोबत जेवताना बघतं.