‘द क्लॉ’शी लढणारा डेअरडेव्हिल मार्व्हलचा नव्हे

जग जिंकायला निघालेला, सुळे परजणारा आणि मनात येईल तेव्हा डोंगराएवढा होणारा ‘द क्लॉ’ हा कॉमिक्समधला खलनायक मार्व्हल या अमेरिकी प्रकाशनाच्या डेअरडेव्हिल या आंधळ्या नायकाचा जुना वैरी होता, असं सांगितलं जातं. ते चूक आहे.

क्लॉ हा चित्रकार जॅक कोल यांनी निर्माण केला, १९३९च्या ‘सिल्व्हर स्ट्रीक कॉमिक्स’च्या पहिल्याच अंकात. त्याच्याशी भिडणारा डेअरडेव्हिल म्हणजे बार्ट हिल, १९४०चा. त्याची दृष्टी शाबूत होती आणि हत्यार होतं बूमरँग. मार्व्हलचा डेअरडेव्हिल, म्हणजे मॅट मर्डॉक, आला थेट १९६४मध्ये. दोघांत साम्य फक्त नावाचं!

गोंधळाचं मूळ कायद्यात आहे. तेव्हाच्या अमेरिकी नियमानुसार २८ वर्षांनी प्रताधिकाराचं (कॉपीराइटचं) नूतनीकरण करावं लागे. ते न झाल्यानं ही जुनी पात्रं सर्वांसाठी खुली झाली. ‘डेअरडेव्हिल’ हे नाव मात्र आज मार्व्हलचा ट्रेडमार्क आहे. म्हणून डायनामाइट या प्रकाशनानं बार्ट हिलला परत आणलं, तेव्हा मुखपृष्ठावर त्याला वेगळं नाव द्यावं लागलं.

कोल यांचं श्रेय असं पुसलं जाऊ नये, असं मला मनापासून वाटतं. पण क्लॉच्या चेहऱ्यात त्या काळच्या अमेरिकेतला आशियाई लोकांविषयीचा द्वेष उघड दिसतो, हेही सांगितलंच पाहिजे.