बुंदीची सोनोग्राफी आणि रात्रीचं गवत

"उद्या सकाळी साडेनऊला या. रात्री दहानंतर काही खायला देऊ नका." दवाखान्यातून फोनवर मिळालेली ही सूचना मला अजिबात खटकली नाही. पोटाची सोनोग्राफी करून घेतलेल्या प्रत्येकाने हे वाक्य ऐकलेलं असतं. पण ही सोनोग्राफी माझी नव्हती, बुंदीची होती. बुंदी म्हणजे आमची साडेतीन वर्षांची, ९२० ग्रॅम वजनाची गिनी पिग.

दोन दिवसांपूर्वी तिच्या पिंजऱ्यातल्या पांढऱ्या फडक्यावर गुलाबी डाग दिसला होता. लघवी करताना ती पाठ वर काढून बसायची आणि बारीक आवाजात कळवळायची. एवढा इवलासा जीव तसा ओरडतो तेव्हा आपल्या पोटात गोळा येतो. रात्री पावणेदहाला मी तिचं गवत काढून घ्यायला पिंजऱ्यात हात घातला आणि तेवढ्यात, बरीच वर्षं गिनी पिग पाळणाऱ्या मैत्रिणीचा फोन आला. मी काय करतेय ते ऐकून ती जवळजवळ ओरडलीच, "अगं, काढू नकोस ते! सकाळपर्यंत तिचं पोटच बंद पडेल."

ती बरोबर होती. ती सूचना कुत्र्यामांजरांसाठी होती, माणसांसाठीही ठीक होती. गिनी पिगसाठी ती धोक्याची होती. असा छोटा प्राणी घरी असणाऱ्या प्रत्येकाला हे आधीच माहीत असायला हवं, म्हणून हे लिहितेय.

आपल्याला उपाशी का ठेवतात ते आधी पाहू. भूल दिल्यावर उलटी झाली तर जठरातलं अन्न श्वासनलिकेत जाऊ शकतं, हे एक कारण. पोटात वायू कमी असावा आणि पित्ताशय भरलेलं दिसावं, हे सोनोग्राफीपुरतं दुसरं. गिनी पिगला यातलं पहिलं कारण लागूच पडत नाही, कारण हा प्राणी उलटी करू शकत नाही. उंदीर, घुशी, खारी या सगळ्या कुरतडणाऱ्या कुळाचं तसंच आहे.

मग त्याचं पोट चालतं कसं? दक्षिण अमेरिकेतल्या अँडीज पर्वतराजीत, आजच्या पेरू-बोलिव्हियाच्या भागात, माणसाने हा प्राणी हजारो वर्षांपूर्वी माणसाळवला. त्याचं मूळ अन्न गवत. गवतातले चिवट तंतू पचवायला गाईला चार कप्प्यांचं जठर आहे. गिनी पिगने हे काम आतड्याच्या मागच्या टोकाला सोपवलंय. लहान आणि मोठ्या आतड्याच्या सांध्यावर त्याला एक भलीमोठी पिशवी असते, तिला अंधांत्र म्हणतात. आतड्यांतला निम्म्याहून जास्त ऐवज एकट्या त्या पिशवीत असतो. तिथे कोट्यवधी जिवाणू गवत आंबवतात आणि त्यातून तयार होणाऱ्या आम्लांवर प्राण्याची बरीचशी ऊर्जा भागते. आंबलेल्या ऐवजाचा काही भाग मऊ गोळ्यांच्या रूपात बाहेर येतो आणि गिनी पिग तो थेट तोंडाने उचलून पुन्हा खातो. जिवाणूंनी बनवलेली ब जीवनसत्त्वं आणि प्रथिनं त्याला अशी दुसऱ्या फेरीत मिळतात. हे पाहून पुष्कळ जण नाक मुरडतात, पण त्याच्यासाठी ते जेवणच आहे.

ही सगळी रहाटी चालू राहते ती पुढून सतत गवत येत असतं म्हणून. तंतू आले की आतडं आकुंचन पावतं, ऐवज पुढे सरकतो. गवत थांबलं की आतडं मंदावतं. आतला ऐवज सुकायला लागतो, जिवाणूंचा तोल बिघडतो, वायू धरतो, पोट दुखतं. पोट दुखतं म्हणून प्राणी आणखी खात नाही. त्यातच शरीर ऊर्जेसाठी चरबी मोडायला लागतं आणि ती चरबी यकृतात साठते. अंगाने लठ्ठ किंवा गाभण असलेल्या मादीत तर हे फार झपाट्याने होतं. आणि इतकं करूनही, रात्रभर उपाशी ठेवल्याने अंधांत्र काही रिकामं होत नाही.

सोनोग्राफीच्या दृष्टीनेही उपास उलटाच पडू शकतो. सोनोग्राफी म्हणजे आवाजाचे पडसाद ऐकून काढलेलं चित्र. शरीराच्या मऊ भागांत आवाज सेकंदाला सुमारे १५४० मीटर वेगाने जातो. वाटेत वायू आला की जवळजवळ सगळा आवाज तिथूनच मागे फिरतो आणि पलीकडचं काहीच दिसत नाही. उपासाने आतडं मंदावून वायू वाढला, तर ज्या तपासणीसाठी उपाशी ठेवलं तीच गढूळ व्हायची.

मी दुसऱ्या दिवशीची वेळ रद्द केली आणि मैत्रिणीने सांगितलेल्या, ससे-पोपट-कासवं असे वेगळे प्राणी रोज बघणाऱ्या डॉक्टरांची वेळ घेतली. त्यांनी फोनवर पहिला प्रश्न विचारला तो वजनाचा. आजचं किती आणि मागच्या आठवड्याचं किती?

स्वयंपाकघरातला डिजिटल वजनकाटा हे गिनी पिग पाळणाऱ्याचं सगळ्यात उपयोगी यंत्र आहे. हा शिकार होणारा प्राणी आहे, दुखणं लपवणं त्याच्या रक्तात आहे. तो मलूल दिसतो तोपर्यंत दुखणं बरंच पुढे गेलेलं असतं. वजन मात्र लपवता येत नाही. आठवड्यातून एकदा, ठरलेल्या वेळी, काट्यावर वाडगा ठेवून त्यात बसवायचं आणि आकडा वहीत लिहायचा. बुंदी तीन आठवड्यांत ९८० वरून ९२० वर आली होती. साठ ग्रॅम म्हणजे आपल्याला काहीच वाटत नाही, पण साठ किलोच्या माणसाचं तीन आठवड्यांत पावणेचार किलो वजन उतरावं तसंच ते. औषधाची आणि भुलेची मात्राही वजनावरच ठरते, त्यामुळे तपासणीच्या दिवशी सकाळचा ताजा आकडा सोबत न्यावा.

डॉक्टरांनी मागितलेली दुसरी गोष्ट म्हणजे मोबाइलवरचा व्हिडिओ. दवाखान्यात पोचल्यावर गिनी पिग दगडासारखा गोठतो, ना खात ना कण्हत. घरी ती लघवी करताना कशी बसते, गवत कसं चावते, लेंड्या कशा आहेत, याची चित्रफीत मिनिटभराची असली तरी पुरते.

एक्स-रे आणि सोनोग्राफी दोन्ही का, असं मी विचारलं. उत्तर सोपं होतं. फडक्यावरचं रक्त मूत्राशयातून आलं की गर्भाशयातून, हे डागावरून कळत नाही. गिनी पिगचे मुतखडे बहुतेक कॅल्शियम कार्बोनेटचे असतात, त्यामुळे ते एक्स-रेत हाडासारखे ठळक उमटतात. वय वाढलेल्या माद्यांत अंडाशयावर पाण्याच्या गाठी होणं फार सर्रास आहे. त्या गाठी आणि आजूबाजूचे मऊ अवयव एक्स-रेत एकाच राखाडी रंगात मिसळून जातात. तिथे सोनोग्राफी लागते.

दातांचं दुखणं असेल तर गोष्ट वेगळी. गिनी पिगचे वीसही दात जन्मभर वाढत राहतात. झीज कमी पडली की खालच्या दाढा आत कलतात आणि जिभेवर कमानीसारख्या चढतात. साध्या एक्स-रेत डावा-उजवा जबडा एकमेकांवर पडतो, म्हणून मुळं नीट बघायची तर सीटी स्कॅन उत्तम. माणसाचा पहिला सीटी स्कॅन १ ऑक्टोबर १९७१ ला लंडनमधल्या विंबल्डनमध्ये झाला. गॉडफ्रे हाउन्सफील्ड यांच्या त्या यंत्राला एकेक काप टिपायला काही मिनिटं लागत. आजचं यंत्र अख्खा गिनी पिग काही सेकंदांत टिपतं. तरी तेवढे सेकंद त्याने हलू नये, म्हणून बहुतेक वेळा गुंगीचं औषध किंवा भूल द्यावी लागते.

भुलेबद्दल स्पष्ट बोलायला हवं. ब्रिटनमध्ये झालेल्या एका मोठ्या पाहणीचे आकडे २००८ मध्ये प्रसिद्ध झाले. भूल किंवा गुंगी दिल्यानंतर दगावण्याचं प्रमाण कुत्र्यांत ०.१७ टक्के, मांजरांत ०.२४ टक्के, सशांत १.३९ टक्के आणि गिनी पिगमध्ये ३.८० टक्के होतं. त्यात आजारी जनावरंही धरलेली आहेत, पण फरक डोळ्यांत भरणारा आहे. त्याची कारणं शरीरातच आहेत. गिनी पिगची मऊ टाळू जिभेच्या मुळाशी जोडलेली असते आणि घशाकडे जायला मध्ये फक्त एक बारीक भोक असतं, त्यामुळे श्वासनलिकेत नळी घालणं भल्याभल्यांना जमत नाही. छाती लहान आणि पोट मोठं, त्यामुळे उताणं झोपवलं की आतड्यांचा भार फुप्फुसांवर येतो. शिवाय अंग एवढंसं असलं की ते झपाट्याने गार पडतं.

आणि हो, त्याला उलटी होत नसली तरी चावलेल्या गवताचा लगदा गालात आणि घशाशी साठलेला असतो. भूल द्यायची असेल तर डॉक्टर आधी थोडाच वेळ खाणं थांबवायला सांगतात आणि मग तोंड धुऊन घेतात. तो वेळ किती, हे आपण ठरवायचं नाही. आपण फोनवर नेमकं विचारायचं: भूल देणार का, खाणं कधी थांबवायचं, अंग गरम ठेवायची सोय काय आहे, शुद्धीवर आल्यावर गवत कधी द्यायचं? ज्या दवाखान्यात या प्रश्नांना "रात्रीपासून उपाशी ठेवा" एवढंच उत्तर मिळतं, तिथे मी माझा प्राणी नेणार नाही.

मधल्या तीन दिवसांत बुंदीला सिरिंजची सवय लावली. पुढच्या दातांच्या मागे, बाजूला जी मोकळी जागा असते तिथून सिरिंजचं टोक तिरकं सरकवायचं आणि अर्धा-अर्धा मिली पाणी सोडायचं, ती चावून गिळेपर्यंत थांबायचं. समोरून सरळ पिचकारी मारली तर पाणी फुप्फुसात जातं. तपासणीनंतर ती स्वतःहून खाईना झाली, तर याच वाटेने भरवावं लागणार होतं, आणि दुखत्या जिवाला त्या दिवशी पहिल्यांदा हे शिकवणं फार कठीण.

क जीवनसत्त्वही या दिवसांत चुकवू नये. आपल्यासारखंच गिनी पिगचं शरीर ते बनवू शकत नाही. १९०७ मध्ये नॉर्वेच्या आक्सेल होल्स्ट आणि थेओडोर फ्रॉलिश यांनी गिनी पिगना नुसत्या धान्यावर ठेवलं, तेव्हा त्यांना खलाशांसारखा स्कर्व्ही झाला, आणि तिथून या जीवनसत्त्वाचा माग लागत गेला. आमच्याकडे ढोबळी मिरचीची एक फोड आणि चार काड्या कोथिंबीर रोज ठरलेली असते. लसूणघास मात्र मोठ्या गिनी पिगला रोज नको, त्यात कॅल्शियम फार. आणि घरातल्या औषधांच्या डब्यातली अमॉक्सिसिलिन कधीही, कुणी काहीही सांगितलं तरी, देऊ नये. तिने आतड्यातले चांगले जिवाणू मरतात, घातक जिवाणू माजतात आणि प्राणी दगावू शकतो.

जायच्या दिवशी सकाळची पहिली वेळ घेतली होती, कारण महिना एप्रिलचा आणि गिनी पिगला ऊन सोसत नाही. टोपली कडक प्लास्टिकची, खाली पाय घसरू नयेत म्हणून जुना टॉवेल, मूठभर सुकं गवत, थोडी धुतलेली हरळी आणि पाण्याऐवजी काकडीची फोड. प्रवासात बाटलीचं पाणी ती पीत नाही. शेजारी खारी, म्हणजे आमची दुसरी गिनी पिग, तिची जोडीदारीण. खारीला काहीच झालेलं नव्हतं, पण ओळखीचा जोडीदार जवळ असला की गिनी पिगच्या रक्तातलं ताणाचं संप्रेरक कमी चढतं, हे जर्मनीतल्या संशोधकांनी मोजून दाखवलंय. स्वित्झर्लंडमध्ये तर २००८ पासून कायद्यानेच गिनी पिग एकटा ठेवता येत नाही.

दवाखान्यात पोटाखालचे केस काढले. केसांत हवा अडकते आणि हवा म्हणजे पुन्हा तोच आवाजाचा अडथळा. हे काम घरी करू नये, तिथली कातडी पातळ असते. डॉक्टरांनी जेलची बाटली आधीच कोमट पाण्यात ठेवली होती. बुंदीला उताणी न झोपवता कुशीवर घेतलं, एक हात छातीखाली, एक पार्श्वभागाखाली. टॉवेलच्या घडीतून तिचं नाक तेवढं बाहेर होतं आणि त्या नाकापुढे मी कोथिंबीर धरली होती. तिने खाल्ली नाही, पण हुंगत राहिली.

पडद्यावर मूत्राशय दिसलं, काळ्या डोहासारखं. द्रवातून पडसाद येत नाहीत, म्हणून काळं. त्या डोहाच्या तळाशी एक लखलखीत पांढरी कड होती आणि तिच्यामागे काळी सरळ पट्टी, आवाज पलीकडे पोचलाच नाही त्याची सावली. डॉक्टरांनी बुंदीला किंचित कलवलं, तशी ती कड घरंगळली. "खडा आहे. सुटा आहे," त्या म्हणाल्या. गर्भाशय आणि अंडाशय स्वच्छ होते. एक्स-रेसाठी हलकी गुंगी दिली, दोन बाजूंनी चित्रं घेतली. खडा साडेपाच मिलिमीटरचा निघाला. शस्त्रक्रिया पुढच्या आठवड्यात ठरली.

घरी आल्यावर फडक्यात गुंडाळलेली कोमट पाण्याची बाटली टोपलीच्या एका कोपऱ्यात ठेवली, दुसरा कोपरा मोकळा, म्हणजे उकडलं तर तिला सरकता यावं. बारा तास खाल्लं नाही किंवा लेंडी झाली नाही तर रात्र असो की पहाट, फोन करा, असं डॉक्टरांनी बजावलं होतं. साडेबाराला खारीने गवत चावायला सुरुवात केली. दहा मिनिटांनी बुंदीने तिच्याच तोंडातली काडी ओढून घेतली.

पहिली लेंडी दुपारी तीन वाजून दहा मिनिटांनी दिसली. लहान होती, पण ओलसर आणि नीट आकाराची. मी वहीत वजनाच्या आकड्याखाली वेळ लिहिली आणि डॉक्टरांना कळवलं.