बसण्याचे हाड काढावे की ठेवावे?

एकोणिसाव्या शतकात फ्रेंच मेंदूविकारतज्ज्ञ शार्को यांनी बेडसोअर, म्हणजे एकाच जागी फार वेळ दाब पडून होणारी जखम, मज्जातंतूंच्या इजेतूनच होतो असे मांडले. म्हणजे त्याला इलाज नाही, असाच अर्थ बहुतेकांनी काढला. खरे तर १८५०च्या दशकातच शरीरक्रियाशास्त्रज्ञ ब्राउन-सेकार यांनी मज्जारज्जू कापलेल्या प्राण्यांवर दाखवले होते, की दाब टाळला आणि कातडी स्वच्छ ठेवली तर जखम होत नाही.

१९३८ मध्ये सर्जन जॉन स्टेज डेव्हिस यांनी जखम भरल्यावर उरणाऱ्या पातळ व्रणाच्या जागी जाड फ्लॅप, म्हणजे रक्तपुरवठ्यासकट सरकवलेला शेजारचा कातडी-मांसाचा तुकडा, आणण्याचे सुचवले. पण पेनिसिलिन हाती आल्यावरच, म्हणजे १९४०च्या दशकाच्या मध्यावर, अशी जखम टाके घालून बंद करणे जमू लागले. १९४७ मध्ये कोस्ट्रुबाला आणि ग्रीली यांनी फ्लॅपखालचे टोकदार हाडही काढायला सांगितले.

इथून खरी चूक सुरू झाली. बसण्याच्या हाडावरची, म्हणजे इश्चियमवरची, जखम वारंवार उलटे. म्हणून काही सर्जन ते हाड पूर्णच काढू लागले. त्या बाजूची जखम उलटणे कमी झाले खरे, पण शरीराचा भार कुठेतरी टेकणारच. तो दुसऱ्या इश्चियमवर गेला, तिथे जखम झाली. तेही काढले की भार शिवणीवर, म्हणजे गुदद्वार आणि जननेंद्रियांमधल्या भागावर, आला आणि मूत्रमार्गाला भोक पडून लघवी जखमेतून झिरपू लागली. म्हणून आता फक्त सडलेला आणि पुढे आलेला भाग, रक्त येणारे निरोगी हाड लागेपर्यंत, छिन्नीने काढतात.

सत्तरच्या दशकात स्नायूसकट फ्लॅप आले. रक्तपुरवठा उत्तम, म्हणून पोकळी आणि संसर्ग यांवर ते भारी. मात्र ‘स्नायू गादीसारखा भार पेलतो’ हा समज टिकला नाही: दाबाखाली कातडीआधी स्नायूच मरतो, आणि बदलून लावलेला स्नायू कालांतराने सुकतो. १९९३ मध्ये कोशिमा यांनी नितंबातील परफोरेटर, म्हणजे स्नायू भेदून कातडीपर्यंत येणाऱ्या, रक्तवाहिन्यांवरचा, स्नायू न कापता घेतलेला फ्लॅप मांडला. पॅराप्लेजिया (दोन्ही पायांचा लकवा) नसलेल्या, चालू शकणाऱ्या रुग्णासाठी तर तो वरदानच.

तंत्राचा गाभा फारसा बदललेला नाही. जखमेच्या पोकळीत मिथिलीन ब्ल्यू हा निळा रंग सोडून निळे झालेले सगळे अस्तर काढायचे. थोडे राहिले तरी आत पाणी साठते. फ्लॅप गरजेपेक्षा मोठा आखायचा, म्हणजे पुन्हा जखम झाली तर तोच परत सरकवता येतो. टाक्यांची रेघ हाडाच्या उंचवट्यावर येऊ द्यायची नाही. सक्शन ड्रेन, म्हणजे आतला द्रव ओढून घेणारी नळी, घाईने काढला की फ्लॅपखाली द्रव साचतो आणि टाके उसवतात. साधारण तीन ते सहा आठवडे बसायचे नाही, मग दिवसातून एकदोनदा पंधरा मिनिटांपासून सुरुवात, प्रत्येक वेळी कातडी लाल झाली का ते पाहून.