टोपणनावांआडचे संगीतकार : लायब्ररी म्युझिकचा माग

१९७३च्या सप्टेंबरमध्ये ब्रिटनच्या विक्रीयादीत ‘आय लेव्हल’ ही वाद्यधून पहिल्या क्रमांकावर पोहोचली. ‘व्हॅन डर व्हाल्क’ या पोलिसी मालिकेचे ते शीर्षकसंगीत. वाजवणारा सायमन पार्क ऑर्केस्ट्रा, संगीतकार जॅक ट्रॉम्बी. हे ट्रॉम्बी म्हणजे यान स्टुकार्ट, एक डच ट्रॉम्बोनवादक. १९६९च्या ‘फ्लोरिस’ या डच मालिकेचे संगीतही त्यांचेच, पण तिथे नाव लावले ज्युलियस स्टेफारो.

‘आय लेव्हल’ लंडनच्या डी वुल्फ या कंपनीच्या संग्रहातली. मायर डी वुल्फ यांनी १९०९मध्ये कंपनी काढली तेव्हा चित्रपट मूक होते आणि थिएटरातल्या वादकांना प्रसंगानुरूप छापील संगीत लागे. बोलपट आल्यावर कागदाची जागा ध्वनिमुद्रणाने घेतली; धंद्याची रीत मात्र तीच राहिली. संगीत आधीच करून ठेवायचे, ज्याला हवे त्याने शुल्क भरून वापरायचे; हेच लायब्ररी म्युझिक. या रेकॉर्डी दुकानांत विकल्या जात नसत, थेट टीव्ही केंद्रांकडे आणि निर्मात्यांकडे जात. आज त्या दुर्मीळ आहेत त्या यामुळेच.

१९६०च्या दशकाच्या मध्यावर केपीएम या अशाच कंपनीत रॉबिन फिलिप्स यांनी हिरव्या कव्हरांची मालिका सुरू केली. कीथ मॅन्सफील्ड, अ‍ॅलन हॉकशॉ, जॉनी पिअरसन या संगीतकारांचे उत्तम काम तिच्यात आहे. त्यांची नावे कव्हरवर छापलेली असत, वादकांची नसत. ब्रिटनच्या वादक संघटनेचा अशा ध्वनिमुद्रणाला विरोध होता. एकदा मुद्रित केलेले संगीत पुन्हा पुन्हा वापरले तर वादकांचे काम जाणार, ही तिची भीती रास्तच होती. मग कंपन्यांनी ध्वनिमुद्रणासाठी कोलोन, ब्रुसेल्स गाठले.

टोपणनावांची कारणेही अशीच व्यावहारिक. डेलिया डर्बीशर आणि ब्रायन हॉजसन बीबीसीच्या रेडिओफोनिक वर्कशॉपमध्ये, म्हणजे कार्यक्रमांसाठी इलेक्ट्रॉनिक ध्वनी आणि संगीत बनवणाऱ्या विभागात, नोकरीला होते. १९६९मध्ये त्यांनी डेव्हिड व्होरहाउस यांच्यासह स्टँडर्ड म्युझिक लायब्ररीसाठी इलेक्ट्रॉनिक संगीत केले, ते या नोकरीमुळे ‘ली द ला रूस’ (डर्बीशर) आणि ‘निकी सेंट जॉर्ज’ (हॉजसन) या नावांनी. १९७३मध्ये आयटीव्हीवर ‘द टुमॉरो पीपल’ ही मालिका आली आणि तिच्यासाठी याच रेकॉर्डीतले तुकडे घेतले गेले. बीबीसीच्या कलाकारांचे काम प्रतिस्पर्धी वाहिनीवर घरोघरी ऐकले जात होते, आणि डर्बीशर यांचे खरे नाव रेकॉर्डवर कुठेच नव्हते. एवढ्या मोठ्या प्रतिभेच्या बाबतीत हे वाचून आजही वाईट वाटते.

तरीही संगीतकारांचा माग लागतो, तो पैशाच्या कागदांमुळे. कार्यक्रमात कोणता तुकडा किती सेकंद वाजला याची यादी, म्हणजे क्यू शीट, निर्मात्याला द्यावी लागते. तिच्यावरून स्वामित्वधन वाटले जाते, आणि ते योग्य माणसाला पोहोचावे म्हणून ब्रिटनच्या पीआरएससारख्या स्वामित्वधन वाटणाऱ्या संस्थांकडे टोपणनाव खऱ्या नावाशी जोडलेले असते. कव्हरवरचा क्रमांक, तुकड्याचे शीर्षक आणि ही नोंद जुळली की बहुतेक वेळा संगीतकार सापडतो.

वादकांची गोष्ट वेगळी. त्यांना त्या दिवसाची बिदागी मिळाली आणि हिशेब तिथेच मिटला. पुढे त्यांच्या नावावर रचनेचे स्वामित्वधन निघायचे नसल्याने त्यांना शोधायला असा कागदच नाही. एखाद्या रेकॉर्डीवर ड्रम कोणी वाजवले हे कळते ते बहुधा त्या स्टुडिओत हजर असलेल्या कोणाच्या तरी आठवणीतून, आणि ती पिढी आता फार थकली आहे.