तळहाताला कळला तरच सीपीआर येतो

सीपीआर म्हणजे हृदय बंद पडलेल्या माणसाची छाती दाबून रक्त फिरते ठेवण्याचा प्रथमोपचार. त्याच्या वर्गात पहिला पाऊण तास हृदयाचे चार कप्पे समजावण्यात गेला, तर समोरची माणसे मन लावून टिपणे घेतात खरी, पण सरावाच्या पुतळ्यापुढे गुडघे टेकायची वेळ आली की त्यांचे हात अडखळतात. यात दोष त्यांचा नाही. प्रौढ व्यक्तीच्या छातीचे हाड ५ ते ६ सेंटिमीटर आत जाईल इतके, मिनिटाला १०० ते १२० वेळा दाबायचे, हे वाक्य लगेच पाठ होते. मात्र ५ सेंटिमीटर म्हणजे नेमका किती जोर, हे तळहातालाच कळावे लागते.

त्यासाठी पुतळा लागतो. १९६० मध्ये नॉर्वेतील खेळणी बनवणारे आसमुंड लेर्डाल यांनी ‘रेसुसी अ‍ॅन’ हा सरावाचा पुतळा तयार केला. आजच्या अनेक पुतळ्यांत दाब पुरेसा खोल गेला की ‘टक्’ असा आवाज होतो. नवखा माणूस बरगडी मोडेल या धास्तीने कोपरे वाकवून दाबतो आणि आवाज काही येत नाही. मग तो कोपरे ताठ करतो, खांदे तळहातांच्या बरोबर वर आणतो, अंगाचे वजन सोडतो, आणि टक्! त्या क्षणी तो जे शिकतो, ते तासभराच्या व्याख्यानाने साधत नाही, असे माझे ठाम मत आहे.

दाबताना मध्येच थांबू का नये, हे सांगायला हापसा पुरतो. काही वेळा दांडा मारल्यावरच पाणी वर येते आणि थांबलो की ते उतरते. हृदयाच्या स्वतःच्या रक्तवाहिन्यांतला दाबही असाच सलग दाबण्याने हळूहळू चढतो आणि खंड पडताच झपाट्याने घसरतो. दोन दाबांच्या मध्ये छाती पूर्ण वर येऊ दिली नाही, तर हृदयात रक्त नीट भरत नाही.

पुतळ्याभोवती गर्दीही उभी करावी. एकाने चेहऱ्यावर पाणी मारावे, दुसऱ्याने कांदा हुंगवायचा आग्रह धरावा, आणि प्रशिक्षकाने रुग्णाच्या अधूनमधून येणाऱ्या आचक्यांचा आवाज काढावा, कारण त्या आचक्यांना श्वास समजून माणसे हात लावायचे थांबतात. ‘कुणीतरी फोन करा’ असे ओरडल्यावर कुणीच हलत नाही, हे शिकणाऱ्याला तिथेच अनुभवू द्यावे. पुढच्या खेपेला तो आपणहून बोट दाखवून म्हणतो, ‘निळा शर्टवाले दादा, तुम्ही १०८ ला फोन लावा आणि लागला की मला सांगा.’

हे कौशल्य काही महिन्यांतच उतरणीला लागते. म्हणून वर्षातून एकदा दिवसभर बसवण्यापेक्षा दर तीन महिन्यांनी दहा मिनिटे पुतळ्यापुढे बसवावे, आणि तेही आधी काहीच न सांगता, म्हणजे हात काय विसरले ते पहिल्या अर्ध्या मिनिटातच दिसते.