फॉरमॅट मारण्याआधी

"डिस्क उडाली, फॉरमॅट मारावं लागेल." मावशीच्या लॅपटॉपवर दुरुस्तीवाल्याने दोन मिनिटांत निकाल देऊन टाकला. पडद्यावर फक्त एवढाच मजकूर होता, की ऑपरेटिंग सिस्टीम सापडत नाही. सापडत नाही म्हणजे नाहीशी झाली, असं नव्हे. मावशीचे बारा वर्षांचे फोटो त्या वेळीही डिस्कवर जागच्या जागी होते.

बटण दाबल्यावर सगळ्यात आधी मदरबोर्डवरच्या चिपमधला छोटा प्रोग्राम जागा होतो. जुन्या यंत्रांत त्याला बायॉस म्हणतात, नव्यांत यूईएफआय. बायॉस डिस्कचा पहिला ५१२ बाइटांचा तुकडा उचलतो आणि त्याच्या शेवटी '५५ एए' ही दोन बाइटांची खूण आहे का, ते पाहतो. खूण नसली तर ती डिस्क सोडून पुढची बघतो. यूईएफआय एका लहानशा वेगळ्या विभागातली सुरुवातीची फाइल शोधतो. एवढासा भाग बिघडला तरी लॅपटॉप सुरू होत नाही, मग आतला ५०० जीबींचा ऐवज कितीही सुखरूप असो.

अशा वेळी यंत्र दुसऱ्या वाटेने सुरू करायचं. रेस्क्यू डिस्क, म्हणजे स्वतःची सिस्टीम सोबत आणणारी सीडी किंवा पेनड्राइव्ह, तेच करते. तिच्यात स्वतःचा कर्नल, म्हणजे सिस्टीमचा गाभा, असतो आणि बाकीची सगळी सिस्टीम एका दाबून बसवलेल्या फाइलीत असते. ती फाइल फक्त वाचता येते. चालू असताना जे काही बदल होतात, ते रॅममध्ये त्या फाइलीवर पसरलेल्या थरात लिहिले जातात, छापील नकाशावर ट्रेसिंग पेपर ठेवून रेघा माराव्यात तसे. बंद केलं की ट्रेसिंग पेपर गेला, नकाशा कोरा. तुम्ही सांगितल्याशिवाय आजारी डिस्कवर अक्षरही लिहिलं जात नाही, हा यातला सगळ्यात मोठा गुण. सीडीवरून यंत्र सुरू करण्याची रीत १९९५ साली 'एल टोरिटो' या नावाने ठरली. पुढे २००० साली जर्मनीतल्या क्लाउस क्नॉपर यांनी क्नॉपिक्स ही सीडीवरून चालणारी लिनक्स सिस्टीम आणली आणि ७०० एमबीच्या सीडीत सुमारे २ जीबींची सिस्टीम दाबून बसवून दाखवली. आज तेच काम पेनड्राइव्ह करतो, पण डिस्क हे नाव चिकटून राहिलंय.

तयार रेस्क्यू डिस्क फुकट मिळतात आणि त्या चांगल्याही आहेत. तरी मी स्वतःची बनवतो, त्याला कारण आहे. एकदा तयार डिस्कने एक यंत्र उघडलं तर फोल्डरांची मराठी नावं नुसत्या चौकोनी डब्यांत दिसत होती. कुठला डबा लग्नाचा आणि कुठला सातबाऱ्याचा, कळेना. डेबियन या फुकट मिळणाऱ्या लिनक्स सिस्टीममध्ये लाइव्ह-बिल्ड नावाचं साधन आहे. एका साध्या मजकूर फाइलीत ओळीला एक याप्रमाणे हव्या त्या पॅकेजांची, म्हणजे प्रोग्रामांची, नावं लिहायची आणि ते चालवायचं. चांगलं इंटरनेट असेल तर चहा होईतो, नाहीतर जेवण होईतो आयएसओ फाइल, म्हणजे पेनड्राइव्हवर उतरवायची अख्खी डिस्क, तयार. माझ्या यादीत लोहितचा देवनागरी फाँट पहिल्या ओळीवर आहे. त्याखाली वायफाय चालायला लागणारं फर्मवेअर, रॅम तपासायला मेमटेस्ट, पुसलेले विभाग शोधायला टेस्टडिस्क आणि डीडीरेस्क्यू.

डीडीरेस्क्यूबद्दल जरा सविस्तर सांगायला हवं, कारण मावशीचे फोटो त्यानेच काढले. साधी कॉपी खराब जागेवर अडकते आणि पुन्हा पुन्हा डोकं आपटते, त्यात मरणाऱ्या डिस्कचं उरलंसुरलं आयुष्य संपतं. डीडीरेस्क्यू आधी सुरळीत वाचता येणारं सगळं उचलतं, अडलेल्या जागा ओलांडून पुढे जातं आणि त्यांची नोंद एका नकाशा फाइलीत ठेवतं. बहुतेक माल हाती आला की मग मागे फिरून त्या जागा कडेकडेने खरवडतं. मध्येच वीज गेली तरी नकाशा बघून तिथूनच पुढे. मावशीच्या वेळी रात्रभर आकडा चढत राहिला. सकाळी दुसऱ्या डिस्कवर हुबेहूब प्रत होती आणि वाचता न आलेला भाग एक एमबीसुद्धा नव्हता. पुढची सगळी शोधाशोध त्या प्रतीवर केली, मूळ डिस्क काढून ठेवली.

डिस्कमधून टकटक आवाज येत असेल तर मात्र यातलं काहीही करू नका. यंत्र लगेच बंद करा, ते काम प्रयोगशाळेचं आहे. एसएसडीवर पुसलेली फाइल परत मिळण्याची आशाही फार धरू नये, कारण रिकाम्या झालेल्या जागा ती स्वतःच साफ करून टाकते. आणि विंडोजवर बिटलॉकर, म्हणजे डिस्कवरचं सगळं कुलूपबंद करणारी सोय, लावलेलं असेल तर ४८ आकडी रिकव्हरी की आधीच कागदावर उतरवून ठेवा. तिच्याशिवाय रेस्क्यू डिस्कलाही आतलं काही वाचता येत नाही.

पेनड्राइव्ह तयार झाला की त्याच दिवशी घरातल्या प्रत्येक यंत्रावर सुरू करून बघा. कशावरून सुरू व्हायचं ते निवडायचा बूट मेनू कुणाचा एफ१२ वर असतो, कुणाचा एफ९ वर, कुणाचा एस्केपवर. सापडलेलं बटण पेनड्राइव्हला दोऱ्याने बांधलेल्या चिठ्ठीवर लिहा. मावशीच्या चिठ्ठीवर एफ२ लिहिलंय, आणि तो पेनड्राइव्ह आता तिच्याच कपाटात असतो.